मंडईच्या नाटकात मी पाटील आहो. निळूभाऊंचा आवाज काढू का?

धानाचा_कडपा

राम राम मंडळी. मी लाखांदूर तालुक्यातला. गावात झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे, दोन एकर धान आहे. गोष्ट नाटकाची आहे, पण शेवटी गाडी निळू फुल्यांवर येते, म्हणून इथं विचारतो.

भाऊबीजेनंतर आमच्याकडे मंडई असते, म्हणजे गावची जत्रा. दिवसभर दंडार (आमचं लोकनाट्य), पाळणे, जिलेबी, लेकी-जावई, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री नाटक. एरवी गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपनीचं नाटक ठरवतो. यंदा पावसानं लोंबीवर आलेला धान झोपवला, वर्गणी काही जमली नाही, मग ठरलं की गावातल्या पोरांनीच नाटक बसवायचं. दोन नट्या तेवढ्या बाहेरून येणार, त्यांची नाईट, म्हणजे रात्रीचे पैसे, ठरली आहे. बाकी सगळे आम्हीच. मले मिळाला पाटील. विधवा बाईचं वावर हडपणारा, तिच्या भावावर चोरीचा आळ घेणारा, अन् तिसऱ्या अंकात मरणारा.

तालमीच्या पहिल्या दिवशी मी पहिलं वाक्य म्हटलं, तर नाटक बसवणारे गुरुजी म्हणाले, "असा नाही गा. निळू फुले काढ." काढला. मान तिरपी, एक डोळा बारीक, घशात खरखर. सगळे खुश. चहा देणारं पोट्टं बी आता "बाई, वाड्यावर या" करत फिरून रायलं.

घरी आलो तर बायको म्हणे, "हा आवाज तर मोबाईलवर सगळेच काढतेत." बोलायला जागा नव्हती. मी १९९६ चा. खरं सांगतो, निळूभाऊंचा एकही सिनेमा मी पूर्ण पाहिला नाही. मले जो निळू फुले येते तो मिमिक्रीवाल्यांचा. नक्कलेची नक्कल.

तर माणूस खरा कसा होता, सिनेमात आला कसा, अन् त्याचं नेमकं काय पाहू? मंडईले २३ दिवस आहेत. रात्री ९ ले दुकान बंद करतो, त्यानंतर रोज दीड-दोन तास पाहू शकतो. अन् मुख्य म्हणजे, आवाज काढू का नको?

वऱ्हाडी_ठेचा

काय विचारून रायला राजा! मंडईतले लोक नाटक पाहाले येतेत का परीक्षा घ्याले? बिनधास्त काढ आवाज. एन्ट्रीलेच "बाई, वाड्यावर या" ठोकून दे, पब्लिक तिथंच खिशात. आमच्या मोर्शीकडे लग्नातला डीजेवाला बी नवरदेवाले याच आवाजात बोलावते.

सिनेमा-बिनेमा पाहात बसशील तं पाठांतर रायते बाजूले.

नागभीडची_लेक

मी आशा वर्कर आहे, सिनेमातलं फार कळत नाही, पण एक सांगते.

आमच्या गावात बरीच वर्षं एकच टीव्ही होता, माझ्या मोठ्या बाबांकडे. दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागला की अर्धा गाव अंगणात. आजी पुढं बसायची. निळू फुले पडद्यावर आले की ती टीव्हीकडे पाठ करायची. अगदी पूर्ण वळून, पदर ओढून, तोंड आमच्याकडे. तो माणूस गेला की आम्ही सांगायचं, "गेला गेला", मग परत वळायची. अर्धा सिनेमा तिनं असाच आमच्या चेहऱ्यांवर पाहिला असेल. मी एकदा खोटंच "गेला" म्हटलं होतं, तर चिमटा खाल्ला.

२००९ मध्ये निळूभाऊ वारले, त्या बातम्यांत त्यांचा साधा फोटो दाखवत होते, पांढरे केस, सदरा. खाली लिहून येत होतं की ते आधी माळीकाम करायचे, सेवा दलात होते, चळवळीत पैसे द्यायचे. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणे, "टीव्हीवाले काहीबी सांगतेत." तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मात्र त्या दिवशी तिनं पाठ केली नाही, एवढं खरं.

भाऊ, तुमच्या गावातल्या एखाद्या म्हातारीनं तुमच्याकडे पाठ केली तर नाटक जमलं समजा. शिट्ट्या काय, कोणालाही मिळतात.

खड्ड्यातला_आवाज

कडपा भाऊ, तुमच्या प्रश्नापायी मी इथं खातं उघडलं. नातवानं विचारलं नाव काय टाकू, त्याला हे सांगितलं. टायपिंगही तोच करून देतो आहे, अधूनमधून कंटाळतो, म्हणून तुटक वाटलं तर समजून घ्या.

मी ३६ वर्षं प्रॉम्प्टर होतो, वडशाच्या निरनिराळ्या कंपन्यांत. १९८३ ला खड्ड्यात उतरलो आणि २०१९ ला गुडघ्यांनी नाही म्हटलं तेव्हा वर आलो. झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, एवढ्या मुलखात दिवाळीपासून पार होळीपर्यंत रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी नाटकं होतात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप, खाली तणस म्हणजे धानाचा पेंढा, तणशीवर पोती अंथरून माणसं. स्टेजच्या पुढच्या कडेला एक खड्डा, त्यात मी. मांडीवर वही, वहीवर बल्ब, अंगावर घोंगडं. नट आदल्या रात्री दुसऱ्या गावात दुसरंच नाटक करून आलेला असतो, त्यामुळे वाक्य खालून टाकावं लागतं. लोक नटाचा चेहरा पाहतात, मला दिसतात पाय.

आता या ३६ वर्षांत माझ्या डोक्यावरून किती पाटील, सावकार, सरपंच, आमदार गेले त्याचा हिशोब नाही. दहातले आठ निळू फुले. आणि त्या आठांचे पायसुद्धा सारखेच. टाच आपटायची, धोतराचा सोगा उचलायचा, बाईकडे जाताना चवड्यावर तोल घ्यायचा. आवाज तर विचारूच नका. पडदा उघडला की शिट्टी यायची. नट खुश, कंपनीमालक खुश. पण ज्याला पाहून पोरं शिट्टी मारतात त्याला ती विधवा बाई भिते कशी, हे मला कधी कळलं नाही.

आणखी एक. निळूभाऊ पुण्याचे, त्यांच्या सिनेमातला पाटील सातारा-कोल्हापूरकडचा. "व्हय", "न्हाय", "आरं". आमचा नट गोंडपिपरीचा असो की साकोलीचा, एकदा का पाटील झाला की तोंडातून "व्हय, न्हाय" सुरू. समोर बसलेली बाई "मले", "तुले" बोलते आणि हा तिच्याच गावचा पाटील असून कोल्हापूरचा! आपल्याकडे वाडा होता तो मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्याचा. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तरी आजही आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी. पुढं ज्यांच्या हाती गाव गेलं त्यांच्याकडे ऊस नव्हता, धान होता. राईस मिल होती, उधारीची वही होती. तुमचा पाटील कोणत्या मातीचा ते आधी गुरुजींना विचारून घ्या.

आता निळूभाऊंबद्दल. नीळकंठ कृष्णाजी फुले, जन्म १९३० चा. वडील लोखंडाचं भंगार आणि भाजीपाला विकून घर चालवायचे. निळूभाऊ सतराव्या वर्षी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी म्हणून लागले. पगार महिन्याला ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, भांडवलापायी ती राहिली. मला वाटतं बागेत वाकून काम करणारा माणूस मोठ्या लोकांना खालून पाहतो, आणि त्याला त्यांचं जे दिसतं ते त्यांच्या बरोबरीनं बसणाऱ्याला दिसत नाही. मीही आयुष्यभर खालूनच पाहिलं, म्हणून मला तसं वाटत असेल.

नट म्हणून ते घडले सेवा दलाच्या कलापथकात. १९५७ च्या निवडणुकीत लोकनाट्य केलं, पुलंच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये लोकांच्या नजरेत आले, मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची'. ते गाजलं आणि अनंत माने यांनी त्यांना 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा दिला. साल १९६८. म्हणजे सिनेमात आले तेव्हा माणूस अडतीसचा होता. तोवर गावोगाव उघड्यावर, हजार माणसांपुढे उभं राहून झालेलं होतं. कॅमेऱ्यापुढे ते इतके निवांत कसे, असं लोक विचारतात. दहा वर्षं रात्रभर लोकनाट्य करून बघा म्हणावं.

हा सिनेमा मी मार्कंड्याच्या जत्रेत टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला. वय १२. पडद्याच्या मागच्या बाजूचं तिकीट स्वस्त होतं, तिथं बसलो. झेलेअण्णा मला उलटे दिसले, उजवा हात डावा होऊन. पुढं कितीतरी वर्षं मी निळू फुले डावखुरे आहेत असं सांगत होतो.

ते फक्त पाटील नव्हते, हे तुमच्या गुरुजींना सांगा. १९७२ ला तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये सखाराम त्यांनी केला. ते नाटक कोर्टात गेलं, गावोगाव आरडाओरडा झाला. तोच माणूस जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये गांधीवादी म्हातारा. 'सिंहासन' हा सिनेमा १९७९ चा, त्यात मुख्यमंत्री, अर्थमंत्री, सगळे एकमेकांच्या पायाखालची सतरंजी ओढत असतात आणि निळूभाऊ आहेत दिगू टिपणीस, नुसतं बघत फिरणारा पत्रकार. खलनायकाची एवढी ख्याती झालेल्या नटाला बघ्याचं काम! आणि शेवटी हसत सुटतो तो. ते हसू ऐका आणि तुमच्या गुरुजींचं "हॅ हॅ हॅ" ऐका.

तुम्ही मात्र सुरुवात 'सामना'पासून करा. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं, १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे मालकच म्हणा ना. समोर श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर, जो एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुराव त्या मास्तराला हाकलत नाही. घरी ठेवतो, खाऊपिऊ घालतो, गप्पा मारतो. पाहुणचार करतो हो! एकदा आवाज ऐकत पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. मी थट्टा करत नाही. आवाज बंद केला की कळतं, हा माणूस किती कमी हलतो.

मला हे कसं कळलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

एका कंपनीत एक नट होता, नाव लिहीत नाही, आता तो नाटकात नाही. अंगानं बारीक, आवाज पातळ. त्याला खलनायक कोणी देत नसे. एका सीझनला मुख्य खलनायक आजारी पडला आणि सिंदेवाहीकडच्या एका गावात याला उभं केलं. नाटक तुमच्यासारखंच होतं, विधवा, वावर, सगळं तेच. दुसऱ्या अंकात बाई वाड्यावर पदर पसरायला येते. वहीत लिहिलं होतं: पाटील गडगडाटी हसतो आणि म्हणतो, तुझं वावर आता विसर.

त्या दिवशी स्टेजवर कोपऱ्यात धानाचं पोतं ठेवलेलं होतं, शोभेला. बाई आली, रडली, बोलली. आता याचं वाक्य. हा हसला नाही. पोत्याकडे गेला. मूठभर धान काढला, तळहातावर घेतला, दुसऱ्या तळव्यानं चोळला. फुंकर मारली, तूस उडालं. ते माझ्या वहीवर येऊन पडलं. मग एक दाणा दातांखाली धरला, राईस मिलवाला धरतो तसा, ओल किती आहे ते पाहायला. मी त्याचे पाय पाहात होतो. एक टाच चपलेबाहेर, दुसरी आत, दोन्ही जमिनीला चिकटलेले. जराही हालचाल नाही.

मला वाटलं हा विसरला. प्रॉम्प्टरला शांतता सहन होत नाही, शांतता म्हणजे आमची चूक. मी वाक्य टाकलं, "तुझं वावर आता विसर." त्यानं घेतलं नाही. मी परत टाकलं, मोठ्यानं. पुढच्या तणशीवरच्या बायांनाही ऐकू गेलं. तरी नाही. त्यानं तो दाणा तोडला, आवाज झाला कट्ट, वर टांगलेल्या माईकनं तो पकडला. आणि मग अगदी हळू, बाईकडे न पाहता म्हणाला, "बसा ना बाई. चहा मांडाले सांगू का?"

मंडपात दीड-दोन हजार माणूस. पोरगं रडत होतं कुठंतरी, तेवढंच. आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर गावातले एक मिलवाले बसले होते, नाटकाला मोठी वर्गणी दिलेले, ते खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घोटत होते. त्यांचा हात थांबला. मला खड्ड्यातून नटाचे पाय दिसतात तसे पहिल्या रांगेतले हातही दिसतात.

नाटक सुटल्यावर तो माझ्याजवळ आला. चिडला नव्हता. म्हणाला, "काका, तिथं मी विसरलो नव्हतो." मला आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. मी विचारलं, हे सुचलं कुठून. तर म्हणे, धान घोटणं बापासोबत मिलवर उभा राहून पाहिलेलं. आणि थांबणं 'सामना'तून, त्यानं तो गावातल्या व्हिडिओवर तीनदा पाहिला होता. "निळूभाऊ जागा सोडतेत ना जी मधात. समोरचा त्या जागेत स्वतःच पडते." त्या दिवसापासून मी वहीत लाल पेन्सिलीनं 'थांब' लिहायला लागलो, स्वतःसाठी.

म्हणजे बघा, त्याच्या आवाजात निळू फुल्यांचा एक सूरही नव्हता.

"बाई, वाड्यावर या"चं म्हणाल तर मी त्यांचे पाहिलेले सगळे सिनेमे आठवून पाहिले. हे वाक्य मला कुठं सापडलं नाही. सापडलं तरी त्या एका वाक्यापायी एवढ्या मोठ्या नटाला गळ्यात घंटा बांधल्यासारखं फिरवायचं हे मला पटत नाही.

नागभीडच्या ताईंच्या आजीला पटलं नाही ते खरंच होतं, म्हणून त्यातलं थोडं सांगतो. लागू, निळूभाऊ आणि बऱ्याच नटांनी मिळून अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले आणि त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. गावोगाव चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यातून महिन्याचं मानधन मिळायचं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९१ ला मिळाला. आपल्याकडे झाडीपट्टीचे नट परशुराम खुण्यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वडशात फटाके फुटले होते, तसं तेव्हा पुण्यात कोणी फोडले असतील का, कोण जाणे.

हिंदीत त्यांना चांगलं काम कमी मिळालं. 'कुली'त आहेत. 'सारांश' मात्र बघाच, १९८४ चा. गजानन चित्रे नावाचा मुंबईतला पुढारी. त्यात तर वाडा नाही, धोतर नाही, मिशीला पीळ नाही. तरी अंगावर काटा येतो.

नातू उठला. बाकी नंतर.

वऱ्हाडी_ठेचा

काका, कबूल. मी मस्करी केली होती. पण एक सांगा, पब्लिक पैसे देऊन हसाले बी येते ना? सगळेच दाणे चावत बसले तं झोपेल ना लोक दोन वाजता.

खड्ड्यातला_आवाज

खरं आहे. म्हणूनच नाटकात विनोदी नट वेगळा असतो आणि त्याची नाईट खलनायकापेक्षा जास्त असते. हसवण्याचं काम त्याला करू द्या. आणि त्या सिंदेवाहीकडच्या रात्रीनंतर कंपनीमालकानं पुढच्या गावाला त्याच नटाला सांगितलं होतं, "ते धानाचं ठेव, पण थोडा हास बी." तो हसलाही. म्हणजे जगात सगळंच आपल्या मनासारखं होतं असं नाही.

धानाचा_कडपा

काका, नमस्कार. चार दिवस लागले, धान बांधायला होता.

'सामना' पाहिला. आधी आवाजात, मग बंद करून. दुसऱ्या वेळी बायको बी बसली. ती म्हणे, "हा मानूस कोणाच्या घरी जेवत असल्यासारखा बसते." मले आधी समजलं नाही. मग समजलं, आपल्याच घरात तो पाहुण्यासारखा सावकाश बसते, त्याले कुठं जायची घाई नाही. 'सिंहासन' अर्धा झाला. दिगू टिपणीस पाहून मले आमच्या तालुक्याचा एक पत्रकार आठवला, पण ते असो.

काल तालमीत आवाज सोडला. गुरुजी म्हणाले, "आज तब्येत बरी नाही का?" मी धानाचं सांगितलं तर म्हणे, "पोतं कशाले, जागा अडते." मग बाईचं काम तात्पुरतं करणारा पोट्टा, तो मिशीवालाच आहे, पदर पसरून उभा होता, मी त्याले हळूच म्हटलं, "बस ना बाई. चहा मांडाले सांगू का?" तर तो खरंच बसला! पुस्तकात तिथं बसायचं नाही, तिनं पाया पडायचं आहे. सगळे हसले, पण गुरुजी हसले नाहीत. ते वहीत काहीतरी लिहून रायले होते. पोतं ठेवतो म्हणाले, पण वाड्याच्या खांबामागं.

"व्हय, न्हाय" काढून टाकलं. आता पाटील आमच्यासारखाच बोलते. याचा एक तोटा झाला. आई तालीम पाहाले आली होती, घरी जाताना बोलली नाही. रात्री विचारलं तर म्हणे, "तू त्या अमक्यासारखा बोलत होता." अमका म्हणजे गावातलेच एक आहेत, त्यांच्याकडे आमचं पाच वर्षं वावर गहाण होतं. मी त्यांची नक्कल केली नव्हती, आईशप्पथ. ते मंडईले पहिल्या रांगेत असतील. आता भीती वाटून रायली ती मलेच.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, हळू बोललो तर मागच्या लोकांना ऐकू जाईल का? आमच्याकडे माईक दोनच आहेत, वर टांगलेले. दुसरी, राईस मिलवाले खर्रा खातेत म्हणून मी स्टेजवर खरा खर्रा तोंडात ठेवू का?

खड्ड्यातला_आवाज

माईक दोन असतील तर एक मधोमध आणि एक पोत्याच्या वरच्या बाजूला टांगायला सांगा. माईकवाल्याला आधीच चहा पाजून ठेवा, नाहीतर तुम्ही हळू बोलायला लागलात की तो आवाज वाढवतो आणि माईक शिट्टी मारतो. माईकच्या बरोबर खाली उभं राहू नका, हातभर मागं. हळू म्हणजे पुटपुटणं नव्हे. शेवटचं अक्षर पूर्ण बोला. आपल्याकडे नट शेवटचं अक्षर गिळतात, 'बसा ना बाई'चं 'बसा ना बा' होतं. निळूभाऊंचं एकही अक्षर वाया जात नाही, पाहिलंच असेल.

दाणा चावायचा तो आधी घरी चावून बघा. ओला धान कट्ट वाजत नाही. पाच-सहा दिवस उन्हात वाळवलेला घ्या, आणि तुसाची फुंकर बाईच्या तोंडाकडे मारू नका, ती शिंकली तर दुसरा अंक गेला.

खर्रा अजिबात नको. थुंकायचं कुठं? माझ्या खड्ड्यात थुंकलेले दोन जण अजून लक्षात आहेत. सुक्या खोबऱ्याचे तुकडे पन्नीत बांधून ठेवा, लांबून तेच वाटतं. आणि आईचं म्हणाल, तर त्यांना पहिल्या रात्री मागं बसवा, बायांच्या बाजूला, त्या अमक्यांपासून लांब.

प्रॉम्प्टर कोण आहे तुमचा? त्याला वहीत 'थांब' लिहायला सांगा. मोठ्या अक्षरात.

धानाचा_कडपा

प्रॉम्प्टर बायको आहे.

नागभीडची_लेक

मग काही काळजी नाही. मंडई कोणत्या तारखेला आहे भाऊ? माझी मावसबहीण तिकडेच दिली आहे, जमलं तर येते. आईंच्या बाजूला जागा धरून ठेवायला सांगा.